गर्भारपणातील 'साधी गोळी' : नावापेक्षा घटक महत्त्वाचा

डोके ठणकू लागले, नाक चोंदले किंवा जेवणानंतर छातीत जळजळ सुरू झाली, की शहरातील माणूस सहसा डॉक्टरांकडे जात नाही. तो नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात जातो. 'डोकेदुखीवर काहीतरी द्या' एवढे म्हटले, की गोळी समोर येते. चिठ्ठी कोणी मागत नाही आणि घेणाऱ्यालाही तिची गरज वाटत नाही. बहुतेक वेळा त्यात काही बिघडतही नाही. मात्र गोळी घेणारी स्त्री गर्भवती असेल, तर या व्यवहारात एक वाक्य वाढवावे लागते. 'मी गर्भवती आहे आणि मला अमुक महिना सुरू आहे,' हे ते वाक्य. अनेकदा नेमके तेच बोलायचे राहून जाते.

या बाबतीत दोन टोकाच्या समजुती आढळतात. चिठ्ठीविना मिळते, त्याअर्थी ते औषध निरुपद्रवीच असणार, ही पहिली. गर्भारपणात कोणतेही औषध म्हणजे विष, म्हणून ताप अंगावर काढायचा, ही दुसरी. दोन्ही समजुती आई व बाळ या दोघांनाही महागात पडू शकतात. औषध सुरक्षित आहे की नाही, हे त्याच्या प्रसिद्ध नावावर अवलंबून नसते. ते त्यातील घटक, त्याची मात्रा आणि गर्भारपणाचा आठवडा या तीन गोष्टींवर ठरते.

चिठ्ठीविना विकली गेलेली शोकांतिका

'साध्या' औषधाने काय होऊ शकते, याचा धडा जगाला थॅलिडोमाइडने दिला. १९५७ मध्ये तत्कालीन पश्चिम जर्मनीत हे औषध झोपेची निर्धोक गोळी म्हणून बाजारात आले आणि तेथे ते चिठ्ठीशिवाय मिळत असे. सकाळच्या मळमळीवर आराम पडतो म्हणून अनेक गर्भवतींनी ते घेतले. १९६१ च्या अखेरीस विडुकिंड लेन्झ या जर्मन डॉक्टरांनी या गोळीचा आणि हातपाय खुंटलेल्या बालकांचा संबंध दाखवून दिला. त्यानंतर ती मागे घेण्यात आली. तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक बालके व्यंग घेऊन जन्मली होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनातील फ्रान्सिस केल्सी यांनी पुराव्याअभावी परवानगी रोखून धरली, त्यामुळे त्या देशातील बहुतांश बालके वाचली.

त्यापूर्वी वार ही बाळाभोवतीची भक्कम भिंत आहे, असा समज होता. आईने घेतलेली बहुतेक औषधे कमी-अधिक प्रमाणात वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचतात, हे आता सर्वमान्य आहे.

भारताचाही याबाबत स्वतःचा अनुभव आहे. पाळी चुकली, की गर्भ राहिला आहे का हे पाहण्यासाठी इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉनची उच्च मात्रेची संयुक्त औषधे सर्रास दिली जात. गर्भ राहिला असल्यास त्याला धोका संभवत असूनही त्यांची विक्री चालू होती. १९८२ मध्ये बंदीचा निर्णय झाला. उत्पादक न्यायालयात गेल्याने तो रखडला. महिला संघटना व आरोग्य कार्यकर्त्यांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर अखेर १९८८ मध्ये या औषधांवर बंदी आली.

कायद्यातील पोकळी

अनेक देशांत चिठ्ठीविना विकता येणाऱ्या औषधांची स्वतंत्र यादी असते. भारतातील १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात असा स्वतंत्र वर्ग स्पष्टपणे सांगितलेला नाही. चिठ्ठी आवश्यक असलेल्या औषधांच्या 'एच', 'एच-१' आणि 'एक्स' अशा अनुसूची आहेत. या अनुसूचींमध्ये नसलेली औषधे ढोबळमानाने चिठ्ठीविना विकली जातात. प्रत्यक्षात मात्र लाल उभी रेघ असलेली, म्हणजे चिठ्ठीशिवाय देऊ नयेत अशी औषधेही अनेक दुकानांतून हाती पडतात. त्यामुळे 'दुकानदाराने सहज दिले' हा सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही.

आठवड्यांचे गणित

गर्भधारणेनंतर साधारण तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात बाळाचे हृदय, मेंदू, हातपाय, डोळे या सर्वांची मूळ घडण होते. मज्जारज्जूची नळी तर गर्भधारणेनंतर सुमारे अठ्ठावीस दिवसांतच बंद होते. म्हणजे पाळी चुकल्याचे लक्षात येऊन तपासणी होईपर्यंत यातील बराच काळ उलटून गेलेला असतो. म्हणूनच मूल होऊ द्यायचे ठरवलेल्या स्त्रीने औषधांची काळजी गर्भ राहिल्यावर नव्हे, तर आधीपासून घ्यायची असते. रोज चारशे मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड गर्भधारणेच्या आधीपासून घ्यावे, हा सल्ला त्याच कारणासाठी दिला जातो.

पहिले तीन महिने सरले म्हणजे धोका संपला, असेही नाही. त्यानंतर अवयवांची वाढ व त्यांचे कार्य सुरू असते. काही औषधे पहिल्या तिमाहीपेक्षा उत्तरार्धातच अधिक घातक ठरतात. याचे सर्वांत मोठे उदाहरण वेदनाशामक गोळ्यांमध्ये आढळते.

दुखणे आणि ताप

गर्भारपणात ताप व वेदनेसाठी डॉक्टरांची पहिली पसंती पॅरासिटामॉलला असते. गरज असेल तेव्हा, परिणाम साधणाऱ्या कमीत कमी मात्रेत आणि कमीत कमी दिवस, हा त्यासाठीचा नियम. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने हे औषध व मुलांमधील ऑटिझम यांचा संबंध जोडल्याने जगभरातील गर्भवतींमध्ये घबराट पसरली. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र असा संबंध सिद्ध करणारा निर्णायक पुरावा नसल्याचे लगेचच स्पष्ट केले. स्वीडनमधील सुमारे २५ लाख मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात एकाच आईच्या मुलांची परस्परांशी तुलना केली असता पॅरासिटामॉलमुळे ऑटिझमचा धोका वाढल्याचे दिसले नाही. उलट चढलेला ताप तसाच अंगावर काढणे हे गर्भासाठी धोक्याचे असते, विशेषतः सुरुवातीच्या आठवड्यांत.

मात्र पॅरासिटामॉलचीही मर्यादा असते. प्रौढांसाठी दिवसाला चार ग्रॅम ही कमाल मर्यादा मानली जाते. वजन कमी असल्यास किंवा यकृताचा विकार असल्यास ती आणखी खाली येते. ही मर्यादा नकळत ओलांडली जाते ती दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांमुळे. तापासाठी ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चार वेळा आणि सोबत सर्दीची, ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेली गोळी तीन वेळा घेतली, तर बेरीज ४१०० मिलिग्रॅम होते. रुग्णाला मात्र आपण दोन निरनिराळी औषधे घेत आहोत, असेच वाटत असते.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, निमेसुलाईड आणि पाळीच्या दुखण्यावर घरोघरी ठेवले जाणारे मेफेनॅमिक ॲसिड ही सारी एकाच कुळातील औषधे. गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर त्यांच्यामुळे बाळाच्या मूत्रपिंडाच्या कार्यावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये दिला. शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक महत्त्वाची रक्तवाहिनी वेळेआधी आकुंचित होण्याचाही धोका असतो. आपल्याकडे सर्वपरिचित असलेल्या 'कॉम्बिफ्लाम'मध्ये पॅरासिटामॉलसोबत ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन असते. 'पॅरासिटामॉल चालते' एवढेच ऐकलेल्या स्त्रीने ही गोळी घेतली, तर तिने नको असलेले औषधही सोबत घेतलेले असते. कंबरदुखीवर चोळायच्या अनेक मलमांत डायक्लोफेनॅक असते. तेही त्वचेतून काही प्रमाणात शोषले जाते. म्हणून मलमही विचारूनच लावावे.

ॲस्पिरिनची गोष्ट थोडी वेगळी आहे. डोकेदुखीवरची 'डिस्प्रिन'सारखी गोळी गर्भवतीने स्वतःहून घेऊ नये. परंतु रक्तदाबाच्या गुंतागुंतीचा धोका असलेल्या स्त्रियांना डॉक्टर अल्प मात्रेतील ॲस्पिरिन मुद्दाम सुरू करतात. 'ॲस्पिरिन वाईट' असे कुठेतरी ऐकून ती गोळी परस्पर बंद करणे ही तितकीच मोठी चूक ठरते.

सर्दी-खोकला

सर्दीच्या एका गोळीत बहुधा तीन-चार औषधे एकत्र असतात. पॅरासिटामॉल, ॲलर्जीविरोधी औषध, नाक मोकळे करणारे फिनाइलेफ्रिन, कधी कॅफीन, असा हा मेळ. यातील नाक मोकळे करणारी औषधे रक्तवाहिन्या आकुंचित करतात. त्यामुळे पहिल्या तिमाहीत आणि रक्तदाब वाढलेला असताना ती टाळावीत, असे सांगितले जाते. त्यातच एकाच प्रसिद्ध नावाला 'कोल्ड', 'प्लस', 'फोर्ट' अशी जोडनावे लावून निरनिराळ्या घटकांच्या गोळ्या विकल्या जातात. नाव ओळखीचे असले तरी आतील औषध बदललेले असते.

साध्या सर्दीसाठी वाफ, मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब, गुळण्या आणि विश्रांती यांनी बहुधा भागते. ॲलर्जीचा त्रास असल्यास सेटिरिझिन किंवा क्लोरफेनिरामिन ही औषधे तुलनेने सुरक्षित समजली जातात. तरीही सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे इष्ट. खोकल्याच्या काही औषधांत अल्कोहोल किंवा कोडीन असते, ती घेऊ नयेत. मागच्या आजारपणातील उरलेली प्रतिजैविके तर मुळीच घेऊ नयेत. डॉक्सिसायक्लिनसारख्या टेट्रासायक्लिन गटातील औषधांनी बाळाचे दात कायमचे डागाळू शकतात.

पोटाच्या तक्रारी

छातीतील जळजळ ही गर्भवतींची नेहमीची तक्रार. कॅल्शियम, मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियमयुक्त आम्लनाशके थोडे दिवस घेण्यास सहसा हरकत नसते. खाण्याच्या सोड्यावर आधारलेल्या फसफसणाऱ्या चूर्णांत सोडियम भरपूर असते; रक्तदाब व सूज असलेल्या स्त्रियांनी ती टाळलेली बरी. आणखी एक बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही. आम्लनाशक आणि लोहाची गोळी एकाच वेळी घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही. दोहोंत किमान दोन तासांचे अंतर हवे. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्याही एकत्र घ्यायच्या नसतात. शासकीय कार्यक्रमानुसार दुसऱ्या तिमाहीपासून १८० दिवस ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी गर्भवतीला दिली जाते. ती गोळी चुकीच्या जोडीने घेतल्यास रक्तक्षय तसाच राहतो आणि दोष गोळीला दिला जातो.

बद्धकोष्ठासाठी इसबगोल व भरपूर पाणी हा सुरक्षित पर्याय आहे. एरंडेल मात्र घेऊ नये. त्याने गर्भाशयाचे आकुंचन सुरू होऊ शकते. जुलाब झाल्यास ते थांबवणाऱ्या गोळ्यांपेक्षा जलसंजीवनी महत्त्वाची. अंगावरून पांढरे जाऊन खाज येत असल्यास दुकानातून फ्लुकोनाझोलची गोळी आणून घेणे धोक्याचे ठरू शकते. अशा वेळी तपासणी करून स्थानिक उपचार केले जातात.

उलट्यांच्या बाबतीत अनावश्यक भीतीने काय होते, याचे उदाहरणही इतिहासात आहे. डॉक्सिलामिन व 'ब-६' जीवनसत्त्व यांचे अमेरिकेतील 'बेन्डेक्टिन' हे औषध न्यायालयीन खटल्यांच्या भडिमारामुळे १९८३ मध्ये उत्पादकाने बाजारातून काढून घेतले. त्यानंतर जन्मजात व्यंगांचे प्रमाण काही घटले नाही; गर्भवतींच्या हातून एक उपयुक्त औषध मात्र गेले. तीस वर्षांनी, २०१३ मध्ये, तेच मिश्रण नव्या नावाने पुन्हा मंजूर झाले. भारतात ते डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरले जाते. सौम्य मळमळीवर आल्याचा तुकडा किंवा सुंठ बेताच्या प्रमाणात उपयोगी पडते. पाणीही पोटात टिकत नसेल, तर मात्र घरी थांबू नये.

'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक नव्हे

गोळी नको म्हणून काढा, चूर्ण किंवा भस्माकडे वळणाऱ्या स्त्रिया शहरांतही पुष्कळ आहेत. येथे स्वयंपाकातील प्रमाण आणि औषधाचे प्रमाण यांतील फरक ओळखायला हवा. फोडणीतले मेथीदाणे आणि मूठभर मेथीचे चूर्ण या एकच गोष्टी नव्हेत. कोरफडीचा रस, सोनामुखीचे चूर्ण, सतत घेतलेला ज्येष्ठमधाचा काढा यांबाबत सावधगिरी हवी. फिनलंडमध्ये तर गर्भवतींनी ज्येष्ठमध टाळावे, असा अधिकृत सल्लाच दिला जातो. आसव व अरिष्टांमध्ये नैसर्गिकरीत्या तयार झालेले अल्कोहोल असते, हेही विसरता कामा नये.

भस्म व रसौषधींचा प्रश्न अधिक गंभीर आहे. न्यूयॉर्क शहरात २०११ व २०१२ या काळात सहा गर्भवतींच्या रक्तात शिशाचे धोकादायक प्रमाण आढळले. त्या सर्व जणी भारतात तयार झालेली आयुर्वेदिक औषधे घेत होत्या. शिसे वार ओलांडते आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीस बाधा आणते. आयुर्वेदिक औषध घ्यायचे असेल, तर ते नोंदणीकृत वैद्यांच्या देखरेखीखाली आणि प्रसूतितज्ज्ञांना कल्पना देऊनच घ्यावे. मुलगा व्हावा म्हणून दिली जाणारी पुडी तर कोणत्याही परिस्थितीत घेऊ नये. हरियाणातील अभ्यासात अशा औषधांचा संबंध बाळाच्या जन्मजात व्यंगांशी आढळला आहे.

महाराष्ट्रात आणखी एक 'घरगुती औषध' खोलवर रुजलेले आहे, ते म्हणजे मशेरी. दातदुखी थांबते, पोट साफ होते, अशी कारणे देऊन ती लावली जाते. प्रत्यक्षात ती भाजलेली तंबाखूच असते. मुंबईतील १२१७ गर्भवतींचा अभ्यास २००४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. मशेरी व अन्य धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि प्रसूतीही सुमारे सहा दिवस आधी झाली, असे त्यात दिसून आले.

लक्षण झाकले जाते तेव्हा

औषधाच्या दुष्परिणामापेक्षाही मोठा धोका कधी कधी वेगळाच असतो. गोळीने लक्षण दबते आणि मूळ आजार आत वाढत राहतो. गर्भारपणाच्या उत्तरार्धातील तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर व हातांवर सूज आणि बरगड्यांखाली दुखणे ही रक्तदाबाच्या गंभीर गुंतागुंतीची लक्षणे असू शकतात. घरी मात्र डोकेदुखीला गोळी आणि बरगडीखालच्या दुखण्याला 'ॲसिडिटी' म्हणून आम्लनाशक दिले जाते. तळहात व तळपायांना येणारी खाज ॲलर्जी समजून दुर्लक्षिली जाते. प्रत्यक्षात ती यकृताच्या एका विकाराची खूण असू शकते आणि तो विकार वाढल्यास बाळाच्या जिवाला धोका संभवतो.

पावसाळ्यात मुंबई, ठाणे, पुणे परिसरात तापाचा अर्थ केवळ 'व्हायरल' असा घेता येत नाही. हिवताप, डेंगी व लेप्टोस्पायरोसिस या तिन्ही आजारांत गर्भवतीला अधिक धोका असतो. डेंगीत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेतल्यास रक्तस्रावाची भीती वाढते. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक असेल, तर पॅरासिटामॉल घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवणे, हाच योग्य मार्ग.

गोळी आधीच घेतली असेल तर

गर्भ राहिल्याचे कळण्यापूर्वी एखादी गोळी पोटात गेलेली असणे ही अगदी सर्रास घडणारी गोष्ट आहे. अशा वेळी धास्तावून जाण्याचे कारण नाही. बहुतेक नित्याच्या औषधांच्या एक-दोन गोळ्यांनी व्यंग निर्माण होत नाही. कोणतेही औषध न घेतलेल्या मातांच्याही दर शंभर बाळांमागे दोन ते तीन बाळांत काही ना काही मोठे जन्मजात व्यंग आढळते, हेही लक्षात घ्यायला हवे. औषधाचे नाव, मात्रा व तारखा लिहून डॉक्टरांना दाखवाव्यात आणि सोनोग्राफी वेळेवर करून घ्यावी. केवळ भीतीपोटी गर्भपाताचा निर्णय घेऊ नये. मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइनसारखी काही औषधे मात्र खरोखरच अत्यंत घातक असतात. ती घेतली असल्यास एक दिवसही न दवडता सल्ला घ्यावा. अपस्मार, दमा, थायरॉइड, मधुमेह यांची नियमित औषधे गर्भ राहिल्याचे कळताच स्वतःहून बंद करू नयेत. फिट येणे किंवा दम्याचा झटका हा औषधापेक्षा बाळाला अधिक बाधक ठरतो. औषध बदलायचे असल्यास तो निर्णय डॉक्टरांचा.

हे लक्षात ठेवा

- औषध घेण्यापूर्वी दुकानातील फार्मासिस्टला आपण गर्भवती असल्याचे व कितवा महिना आहे ते सांगा. परवानाधारक दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट असणे बंधनकारक आहे.
- पाकिटावरील मोठ्या अक्षरांतील नावाऐवजी बारीक अक्षरांतील घटक वाचा. दोन औषधांत एकच घटक नाही ना, हे पाहा.
- शक्यतो एकच घटक असलेले औषध घ्या.
- लाल उभी रेघ असलेले औषध चिठ्ठीविना घेऊ नका.
- गोळ्यांची पट्टी अर्धी कापून घेताना घटक व मुदत लिहिलेला भाग दुकानातच राहत नाही ना, याची खात्री करा.
- औषधाने त्रास झाल्यास १८००-१८०-३०२४ या औषध दुष्परिणाम नोंदणीच्या निःशुल्क क्रमांकावर कळवता येते.
- रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, पोटात कळा किंवा बाळाची हालचाल मंदावल्यास कोणतीही गोळी न घेता थेट रुग्णालय गाठा. राज्यात १०८ आणि १०२ या क्रमांकांवर रुग्णवाहिका मिळते.

गर्भवतीने सारे दुखणे निमूट सोसावे, असे वैद्यकशास्त्र कधीच सांगत नाही. तिच्या दुखण्यावर उपाय आहेत आणि त्यांपैकी अनेक सुरक्षितही आहेत. मात्र नऊ महिन्यांपुरती तरी 'डोकेदुखीवर काहीतरी द्या' ही मागणी बदलायला हवी. काउंटरवर जे मिळेल ते 'काहीतरी' नव्हे. कोणते औषध, किती आणि कोणत्या महिन्यात, याचे उत्तर मिळाल्यावरच गोळी घ्यायला हवी.